कच्चा टाका

देगलूरच्या इंदूअक्काला पाठवलेला निरोप
चुकून माझा मीच ऐकला.
सात मिनिटं, अकरा सेकंद.
नळ आठ दिवसांनी, तोही रात्री दोनला,
मोंढ्यातल्या हळदीचा खकाणा,
मशीनचा पट्टा, जाऊबाईचं तोंड,
ह्यांचे गुडघे, माझे गुडघे,
आणि शेवटी, "बाकी बरंय. तू काय करायलीस?"
एवढं विचारून बटणावरचं बोट उचललं होतं मी.

सवय कशी असते ते शिवणारीला विचारा.
पाय पायडलवर, डोळे दाराकडे,
सुई आपली चाललेली.

दुसऱ्या दिवशी फॉल-पिकोचं शटर वर केलं
तेव्हा वसमतचं ऊन अजून कोवळं होतं.
ठरवलं: कुरकुरले की डाव्या बाहीच्या काठाला
लाल दोऱ्याचा एक कच्चा टाका.
कुणाला सांगायचं नाही.

पहिला टाका ऊन कोवळं असतानाच पडला.
"गेली का लाईट! हिला काई लाज हाय का!"
दुसरा, बॉबिन संपली म्हणून.
तिसरा, आधीचे दोन पडले म्हणून.
चहाच्या वेळेपर्यंत बाही अशी दिसायली
जशी कुणी डोळे मिटून नक्षी काढली.
शकीलाआपा साडी टाकायला आल्या,
"ये कौनसी फॅशन निकाली?"
म्हटलं, "मोजायलेय."
"क्या?"
"नुसतं मोजायलेय, आपा."

रात्री उसवायला बसले. त्रेचाळीस.
त्यातले चाळीस ओढताच निघाले,
कापडाला भोकसुद्धा नाही.
तीन मात्र अडकून बसले.
एक डीपीचा, एक पाण्याचा,
आणि एक, पाच वर्षांत अक्का एकदाही
माझ्या उंबऱ्याला आली नाही, त्याचा.

पुढचे दिवस वाईट गेले.
मैनाबाई आल्या आल्या म्हणतात, "काय ऊन बाई!"
त्यावर माझं ठरलेलं, "काय सांगावं!"
ते मी गिळलं,
तर त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं
जसं मला कुठं जमीनजुमला लागला.
कुरकूर ही आमची रामराम आहे,
हे मला चाळिशी ओलांडल्यावर कळालं.
काहीतरी बोलावं म्हणून विचारलं,
"ही गुंडी कुठली हो? अशी आता मिळत नाही."
गुंडी त्यांच्या आईच्या चोळीची निघाली.
मग कटोरीचं माप राहिलं बाजूला,
आणि दुपारच्या उन्हाचं
दोघींनाही ध्यान राहिलं नाही.

गल्लीतली डीपी जळून सहा दिवस झालते.
ओट्याओट्यावर तिचाच उद्धार,
ऑफिसात मात्र कुणीच गेलं नव्हतं.
रेणुकाच्या वहीचं पान फाडून लिहिलं,
अठ्ठावीस सह्या, तीन अंगठे.
खिडकीतल्या माणसानं मान वर न करता विचारलं,
"काय तक्रार हाय?"
"तक्रार नाही. अर्ज हाय. शिक्का मारून द्या."
बाहेर लिंबाखाली येऊन बाहीकडं पाहिलं.
याचा टाका घालायचा का?
नाही घातला.
ही दुहेरी शिवण होती.
डीपी दहाव्या दिवशी बसली,
बाराव्या दिवशी उडाली.
पोरीला म्हटलं, आण गं वही.

आता रोजचे अकरा-बारा पडतात.
जाऊबाई आल्या तर वीस.
रीळ अजून संपलं नाही.

काल अक्काला निरोप पाठवला, एवढाच:
"अक्का, तू सांग."
आणि बोट तसंच दाबून ठेवलं थोडा वेळ.
त्यात मशीन नाही, मी नाही,
फक्त पंख्याची घरघर गेली असेल देगलूरला.

तिचं उत्तर आलं. नऊ मिनिटं.
सून, शुगर, नळ,
आणि कुणी बोलवतच नाही गं, निघावं कसं.
दोनदा ऐकलं.
सुई पिनकुशनात तशीच टोचलेली होती.