ओठ कापणारा पेला

पहिल्या शनिवारी सरांनी टेबलावर
स्टीलचा पेला ठेवला आणि म्हणाले, काढा.
एवढंच.
मी काढला. वर गोल, खाली गोल, दोन उभ्या रेघा.
पेला तर पेला. त्यात काय.

मोमीन सर गुडघ्यावर हात टेकत माझ्या मागे आले.
बावीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या त्यांनी,
मग फ्लेक्स आला.
बराच वेळ बघितलं.
"यातून पाणी प्यायलात तर ओठ कापेल, बाई."

आणि खरंच,
दोन्ही टोकांना असा अणकुचीदार,
काठ कसला, करंजी.

नाना पेठेत, सायकलच्या दुकानावरचा वर्ग.
खालून पंपाचा आवाज, वरून पंख्याचा.
आजूबाजूला सगळी एलिमेंटरीची मुलं,
खिशात शार्पनर, बोटं काळी,
आणि मधे मी, सत्तेचाळीस वर्षांची,
अप्पा बळवंत चौकातून आणलेला
बारा पेन्सिलींचा नवाकोरा डबा घेऊन,
ज्यातली मी एकच वापरते.

"रेघ ओढायची. केस विंचरायचे नाहीत."
हे दुसऱ्या शनिवारी.
मी भीत भीत, तुकड्यातुकड्यानं जात होते ना.
मग आठवडाभर, लॅबमधल्या रद्द रिपोर्टांचे पाठकोरे कागद.
एका टिंबापासून दुसऱ्या टिंबापर्यंत,
हात खांद्यापासून, मनगट झोपलेलं.
पुढून कुणाची तरी साखर,
मागून माझ्या शंभर रेघा.
त्यांतल्या अकरा सरळ.

तिसऱ्या शनिवारी खोडरबर जप्त.
"चूक असू द्या तिथंच. शेजारी बरोबर काढा.
नाहीतर कुठून निघालात, कसं कळणार?"

चौथ्या शनिवारी तन्वीर.
वय अकरा, पुढचा दात अर्धा तुटलेला.
वहीत डोकावून म्हणाला,
"काकू, खिडकी इकडंय.
तुमची सावली पण इकडंच पडलीय."
मी म्हटलं, तू तुझं बघ.

धायरीपर्यंत बसमध्ये मी गप्प.
घरी आमटीत मीठ दोनदा पडलं.
एवढंसं पोरगं!
रोज दोनशे नमुने माझ्या हाताखालून जातात,
माझ्या सहीवर डॉक्टर औषध लिहितात.
रात्री ओट्यावर पेला ठेवला, दिवा घालवला,
डावीकडून टॉर्च धरला.
सावली उजवीकडे गेली.
पुन्हा धरला. पुन्हा गेली.
माझ्या वयाशी तिला काही देणंघेणं नव्हतं.

सोमवारी रॅकमधल्या नळ्या बघितल्या,
ज्या मी एकवीस वर्षं हाताळतेय.
उभी राहिले, तर तोंडं चांगली आ वासलेली.
खुर्चीत बसले, तर मिटत आलेली.
आणखी खाली गेले, तर नुसती रेघ.
"हर्षदा मॅडम, बरं नाही का?"
रिसेप्शनवरची श्रुतिका दारात.
टेबलाला गाल लावूनच मी म्हटलं,
बरंय गं. थांब जरा.

पुढच्या खेपेला तन्वीरला चिंचेची गोळी दिली.
त्यानं आधी ती तोंडात टाकली,
मग माझी वही ओढली.
"सावली बरोबरंय. पण पेला हवेत आहे."
होता.
टेबल काढायचं राहूनच गेलं होतं.

सातवा की आठवा शनिवार, आठवत नाही.
सर मागे येऊन उभे राहिले. गुडघा कडकन वाजला.
पंख्याच्या तीन फेऱ्या, चार.
"ओठ नाही कापणार," म्हणाले.
मी श्वास सोडला.
"गळेल मात्र. खालून, डावीकडं."

मग त्यांनी टेबलावरचा पेला उचलला,
थर्मासमधला चहा त्यात ओतला, उभ्याउभ्याच प्यायले,
आणि परत ठेवला
आधीच्या जागेपासून जरासा सरकवून.

मी पान उलटलं.