कुताइसी ते बारी, दर गुरुवारी

माझ्या व्हॅनला सतरा सीटा होत्या.
अकरा काढून टाकल्या.
माणूस एकदाच जातो, सामान दर आठवड्याला जातं:
आलुबुखाराच्या आंबट चटणीच्या बरण्या,
द्राक्षाच्या रसात बुडवून वाळवलेल्या अक्रोडांच्या माळा,
कोका-कोलाच्या बाटल्यांत घरची वाइन.
परतताना ऑलिव्हचं तेल, कपड्यांची पावडर,
आणि मोज्यात गुंडाळलेल्या नोटा,
ज्या मी मोजत नाही. वजनावरून कळतं.

तुर्कस्तान ओलांडायचा, ग्रीस ओलांडायचा,
मग रात्रभर बोट.
रविवारी सकाळी धक्क्यावर आमच्या बायका उभ्या असतात,
आठवड्यातली ती एक सुट्टी अंगात घालून.

लोक विचारतात, इटली एवढी मोठी,
तुमच्या तालुक्याला बारीच कशी सापडली?
शिकलेले सांगतात: पगार, परवाने,
तिकडे म्हातारे फार आणि लेकी थोड्या.
असेल.
पण सियालाचं तिकीट मिलानचं होतं.

वीज दिवसाला दोन तास यायची, त्या हिवाळ्यात ती निघाली.
बोटीत आतडी पिळवटून निघाली तिची.
उतरल्यावर म्हणाली,
आज हलणाऱ्या कशातच बसणार नाही.
एक म्हातारा ऑक्टोपस दगडावर आपटत होता.
तो उठला, खुर्ची पुढे केली.
घरी त्याची आई अंथरुणाला खिळलेली.
मिलानची गाडी गेली.

पुढच्या वर्षी सियालाची बहीण आली,
मिलानचं नावही न काढता.
मग बहिणीची नणंद. नणंदेची शेजारीण.
आणि त्या शेजारणीशी नऊ वर्षं अबोला धरलेली
पलीकडची मानानासुद्धा.
परक्या देशात भांडायला तरी
ओळखीचं माणूस हवं.

पाणी उतार शोधतं म्हणतात.
आमच्या बायका फोन नंबर शोधतात.

नाझिब्रोला छपरासाठी गेली.
छप्पर चार वर्षांत झालं.
मग न्हाणीघर, मग मुलाचं लग्न,
मग त्याच न्हाणीघराला गरम पाणी.
आता घर पुरं झालंय, आत कुणी नाही.
कुलपाला तेल मीच घालतो.

लामारा भूगोल शिकवायची.
फळ्यावर बूट काढून म्हणायची, मुलांनो, ही इटली.
आता टाचेजवळ राहते,
आणि रोज सकाळी कुणाच्या तरी आईच्या पायात
मोजे चढवते.

मझेविनार का गेली, ती सांगत नाही.
तिचा नवरा दर आठवड्याला एक पिशवी देतो,
आत एकच वस्तू:
एक डाळिंब, एक मक्याचं कणीस.
चिठ्ठी नाही.
ती पिशवी धुऊन, इस्त्री करून परत पाठवते.
गेल्या मार्चात त्याने रिकामीच दिली.
तिने आत हात घातला, कोपऱ्यांपर्यंत.
मग काही न बोलता व्हॅनमध्ये चढली,
खिडकीपाशी बसली, पट्टा लावला.

मी कागदावर शिक्का घ्यायला गेलो, तेवढ्यात फोन वाजला.
म्हातारी विचारत होती,
रक्तदाबाची गोळी पांढरी की पिवळी?
पिवळी, ती म्हणाली. मग म्हणाली, थांबा,
पाणी मी देते.
आणि उतरली.
त्या सीटवर मी अजून बरण्या ठेवत नाही.

मला विचारतात, तू का नाही राहिलास?
दोन्हीकडे माझी वाट बघतात.
खरं तर सामानाची बघतात.
पण खिडकीतून दोन्ही सारखंच दिसतं.

सियाला आता सत्तरीची.
परवा तिला विचारलं, तो म्हातारा, ती खुर्ची.
म्हणाली, खुर्ची कुठली, उलटी बादली होती.
त्याआधी एकदा तिने पेटी सांगितली होती,
एकदा दोराचं वेटोळं.
बसायला काहीतरी होतं,
एवढं मात्र प्रत्येक वेळी असतं.