ऐंशीच्या पुढचे त्रेसष्ट

फेब्रुवारीत आमची बस बंदरावर लागते,
कॉड वाळत घातलेल्या मांडवांच्या थोडी अलीकडे,
कारण तो वास गादीत शिरला की आठवडाभर हलत नाही.
मी, सोल्फ्रिड, परिचारिका. एक यंत्र. कॉफीचा थर्मास.
आणि पाटी : पासष्ट पूर्ण? मनगट दाखवा. दोन मिनिटं.
गेल्या वर्षी पाटी नव्हती,
तेव्हा लोक टपाल मागायला चढले होते.

कागदावर सगळं रांगेत असतं :
पन्नाशीच्या आत हजारात एखाददुसरा,
पासष्टीनंतर आकडे दाटीवाटीने,
ऐंशीच्या पुढे दहात एक.
माणसं तशी येत नाहीत.
सकाळी अकरा जण आले, अकराही ठाकठीक.
बारावा आणि तेरावा सख्खे भाऊ,
एका बोटीच्या इंजिनावरून सतरा वर्षं अबोला.
दोघांच्या पट्टीवर तीच विस्कटलेली ओळ.
एकाचं दुसऱ्याला सांगायचं नाही, हा नियम.
पट्ट्या मात्र रात्रभर फाइलमध्ये
एकमेकींना टेकून होत्या.

म्हणजे काय होतं, असं विचारतात.
मी म्हणते, वरच्या दोन कप्प्यांत ग्रामसभा भरते,
सगळे एकदम बोलतात, अध्यक्ष बेपत्ता,
आणि खालचे दोघे
जे कानावर पडेल त्यावर काम उरकतात.
हसतात लोक.
मग आवाज उतरवून पुढचं सांगते :
आकुंचन नाही, नुसती थरथर,
रक्त कोपऱ्यात रेंगाळतं,
रेंगाळलेलं साखळतं,
आणि एखादी गुठळी निघते मेंदूच्या दिशेने.
इथे कुणी हसत नाही.

एइलर्ट, चोपन्न. तीस हिवाळे
लांब पल्ल्याच्या स्कीच्या शर्यती.
"गावात माझ्याइतका धडधाकट दाखव!"
धडधाकटांतही धडधड असते, मी म्हटलं,
फार वर्षं फार ताणलेल्या काळजात जरा जास्तच.
तो बूट न बांधताच उतरला.

थवमणी, मासळी कारखान्यातली,
जाफन्याहून येऊन तीस वर्षं झाली तिला.
सुरी धरून बोटं वाकलेली, रक्तदाब डोंगरावर.
जिना चढताना दम लागायचा,
तिला वाटायचं, इथली थंडीच तशी.

फेरीचा कप्तान, झोपेत ज्याचा श्वास अडतो.
वायरमन पोरगा, नाताळच्या तीन रात्री प्यालेला,
चौथ्या रात्री छातीत दंगा, पाचव्या सकाळी शांत.
आणि बरेचदा
ज्याला काहीच झालेलं नाही, त्याला.

बोर्गहिल्ड काहीच झालेलं नसताना आली, कॉफीसाठी.
चौऱ्याऐंशी. टोपी काढली नाही.
यंत्राने पट्टी काढली : एक ठोका जवळ, एक लांब,
मग तीन घाईघाईत, मग विसरल्यासारखं काहीतरी.
मी गोळ्यांबद्दल बोलले, रक्त पातळ ठेवण्याबद्दल,
सोमवारी डॉक्टरांकडे जायचंच, याबद्दल.
ती थर्मासकडे बघत होती.

"ऐंशीच्या पुढचे आपल्या गावात किती?"
त्रेसष्ट, मी म्हटलं.
"म्हणजे मी धरून सहा."
सहा असतील, सात असतील, आकडा म्हणजे काही हजेरी नव्हे.
"बाकीचे कोण?"
सांगता येत नाही. काही तर मलाही माहीत नाहीत.
"त्यांना?"
मी पट्टीची घडी घातली.

मार्चमध्ये पुन्हा गेले तेव्हा दुकानात ऐकलं,
बोर्गहिल्ड अलीकडे फार मायाळू झाली आहे.
चर्चच्या दारात, बँकेत, धक्क्यावर
म्हातारा माणूस दिसला की हात हातात घेते,
हवापाण्याचं विचारते, आणि सोडत नाही.
अंगठा वर, दोन बोटं हळूच मनगटाखाली,
नजर घड्याळाच्या काट्यावर.

काल त्या भावांपैकी थोरला बसमध्ये आला.
म्हणाला, बोर्गहिल्डने पाठवलं,
आणि विचारलं,
धाकटा येऊन गेला का.