इतर काही असल्यास

आज तिसऱ्या खाटेवर एस्किल्ड आहे.
वय सत्तेचाळीस. हेलसिंगोरच्या फेरीबोटीवर मिस्त्री.
नखांच्या कडेला ग्रीस, साबणाला दाद न देणारं.
शीर शोधावी लागली नाही.
"दोरखंड आहे नुसता," मी म्हणाले.
"फुकटात मिळाला," तो म्हणाला.

नऊ वाजून चार मिनिटांनी थेंब सुरू केले.
बाटलीत काय आहे ते मला माहीत नाही, त्याला नाही,
डॉक्टर व्हिनथरनाही नाही.
एकतर रक्तवाहिन्या सैल सोडणारं औषध,
नाहीतर मिठाचं पाणी.
उत्तर पाकिटात, पाकीट कपाटात,
बर्फ वितळेपर्यंत ते फोडायचं नाही.

दहावं मिनिट. डोकं, शून्य ते दहा?
एक.
नाडी ब्याण्णव.
नाक चोंदलंय, म्हणाला,
रडून झाल्यावर चोंदतं तसं.
मी लिहिलं: नाक चोंदणे.
पुढचं लिहायला ओळ पुरत नाही.

मग लाली चढत गेली.
आधी गळ्याची खळी, मग मान, जबडा,
मग कान.
कान असे, की मागे कुणी दिवा धरलाय.

माझ्याकडे रंगांची पट्टी असते: फिका, गुलाबी, लाल, फार लाल.
पडद्याचं कापड भिंतीशी लावून बघतात
तशी ती मी त्याच्या गालाशी धरली.

"मी लाजतोय का?"
"नाही. वाहिन्या रुंदावल्यात."
"पण लाजल्यासारखं वाटतंय."
"कशाची लाज?"
हा प्रश्न माझ्या कागदावर नाही.
उगाच विचारला.

"थांबा," तो म्हणाला. "शोधतोय."

खिडकीबाहेर कुणीतरी सायकलच्या सीटवरचा बर्फ
कोपराने झाडत होतं.
पंप टिकटिकत होता.
रक्त येऊन बसलं होतं गालावर,
आणि कारण अजून जिना चढत होतं.

"व्हॉल्व्ह," तो छताला म्हणाला.
"मी उघडा ठेवला होता. इंजिनरूममध्ये गुडघाभर पाणी.
नाव लागलं जेप्पेचं. एकोणीस वर्षांचा पोरगा, शिकाऊ.
सगळ्यांना एका रांगेत उभं केलं, तेव्हा
त्याचं तोंड लालबुंद झालं,
माझ्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.
तेवढ्यावरून ठरलं."

विसावं मिनिट.
डोकं?
चार.
दाब, की ठसठस?
ठसठस. दोन्ही कानशिलांत. नाडीबरोबर.
रक्तदाब शंभरावर साठ. तळहात ऊन.
सगळं लिहिलं.
शेवटचा रकाना, 'इतर काही असल्यास',
त्यावर पेन जरा वेळ तसंच धरलं,
मग लिहिलं: उष्णता.

सुई काढली, कापूस दाबला.
लगेच उठू नका, म्हटलं, तरी उठला.
डोळ्यांपुढे अंधारी आली तशी माझा खांदा धरला,
बोटीवर कठडा धरतात तसा,
कठड्याकडे न बघता.

रात्री अकराला फोन करायचा असतो.
काहींचं डोकं घरी गेल्यावरच खरं चढतं.
डोकं?
सहा. खोलीत अंधार केलाय. उजेड टोचतो,
बायकोचं कांदा चिरणं टोचतं.
उलटी?
मळमळ फक्त.
मग थांबून, आवाज खाली करून:
"जेप्पे माल्मोला असतो. नंबर मिळाला."
"लावलात?"
"डोकं उतरू दे."

मी लिहिलं: सहा. मळमळ. उजेड सहन होत नाही.

सव्वीस वर्षं हेच काम करतेय. पाकीट न फोडता सांगते,
ते औषधच होतं.
मिठाच्या पाण्याने कान असे पेटत नाहीत.
पेटलेले एकदाच पाहिलेत, पाच नंबरच्या खाटेवर.
पाकिटातून निघालं पाणी.
ती बाई शेवटपर्यंत
आकड्यांपलीकडे एक शब्द बोलली नव्हती.