वर्णनाबरहुकूम

पोस्टाचा काउंटर, त्याला लागून पाव-दुधाचं दुकान.
येल बेटावरच्या या एवढ्याशा खोलीतून
किती घरं पार्सलं होऊन गेली, मला विचारा.
चांदीचे चमचे गेले, कुणाच्या बोटीची घंटा,
लग्नात आलेला, कधीच न उघडलेला बारा कपांचा संच.
मी वजन करते, तिकीट लावते,
आत काय आहे ते फॉर्मवर लिहावंच लागतं.
का आहे ते लिहायला रकाना नाही.

ऑस्ला हॅलक्रो आली ती मंगळवारी,
भिंतीवरचा बॅरोमीटर टॉवेलात गुंडाळून.
"फोटो तू काढ. मजकूर मी सांगते."
मी टाइप करत गेले:
पितळी, गोल, ताटाएवढा.
सुई 'बदल'वर अडकलेली आहे,
एका जानेवारीपासून, वर्ष आठवत नाही.
काचेवर डावीकडे धूसर ठिपका:
एका माणसाचं नख, रोज सकाळी, चहाच्या आधी.
"हे कशाला?" मी म्हटलं. "किंमत उतरेल."
"दोष लपवायचा नाही," ऑस्ला म्हणाली,
"लाउरीचे तर मी कधीच लपवले नाहीत."

मूळ किंमत पाच पौंड. मुदत सात दिवस.

माझ्या आजोबांच्या वेळी धक्क्यावर मासळीचा लिलाव व्हायचा,
एक वार, दोन वार, तीन वार,
हरणाऱ्याचं तोंड दिसायचं, जिंकणाऱ्याचे दात.
बोली म्हणजे बोलणं होतं तेव्हा.
आता बोली लावणारे मुके,
नावाच्या जागी एक अक्षर, तीन चांदण्या, पुन्हा एक अक्षर;
आणि ऑस्लाची स्वतःची बोली
या बेटांबाहेर कुणाला कळत नाही.

सहा दिवस अकरा पौंडांवर सगळं थंड.
एकाने विचारलं, चालतो का?
तिने सांगितलेलं मी जसंच्या तसं लिहिलं:
चालत असता तर लाउरीने त्याचं ऐकलं नसतं.

शेवटच्या रात्री वारा असा की इंटरनेट धापा टाकत होतं.
माझ्या स्वयंपाकघरात आम्ही दोघी, मध्ये लॅपटॉप.
चार मिनिटं, चाळीस पौंड.
दोन मिनिटं, त्र्याहत्तर.
ऑस्लाने चष्मा काढला, पुसला, परत घातला नाही.
"थांबवता येतं का?"
"बोली लागल्यावर नाही."
पाच सेकंद उरले तेव्हा
आठवडाभर दबा धरून बसलेला कुणी तिसराच उठला
आणि घेऊन गेला. एकशे अठरा.
हातोडा कुठेच पडला नाही. पडद्यावर चाक फिरत राहिलं,
मग हिरवी पट्टी: अभिनंदन.

पत्ता हंगेरीतला, सेगेड. नकाशात शोधला:
समुद्र कुठल्याच बाजूला नाही.
"मग त्याला कसला बदल बघायचाय?"
असं म्हणत तिने तो लाउरीच्या विटक्या जर्सीत बांधला,
बाह्या मागून पुढे घेऊन, गाठ मारून.
मी कस्टम्सच्या फॉर्मवर लिहिलं: वापरलेली वस्तू.

तीन आठवड्यांनी अभिप्राय. पाचपैकी चार तारे.
'पॅकिंग उत्तम. जर्सीही बसली.
पण वस्तू वर्णनाशी जुळत नाही.
सुई अडकलेली नाही. हलते.
परवा वादळ दाखवलं, रात्री आलं.'

ऑस्ला काउंटरशी उभी, ओल्या बुटांत.
मागे पेन्शनची रांग; आमच्याकडे रांग म्हणजे दोघं.
तिने मला पुन्हा वाचायला लावलं. मग अजून एकदा.
"खोटारडा," ती म्हणाली.
कुणाला, ते मी विचारलं नाही.

उत्तराला ऐंशी अक्षरांची मुभा.
पहिलं लांबलं.
दुसऱ्यात लाउरी आला, तो तिनेच खोडायला लावला.
रांगेतला एक जण खोकला.
शेवटी जे गेलं ते एवढंच:

टिचकी कुणी मारली?