दशा

केयोनच्या इस्पितळात, सात नंबरच्या खाटेवर
एलेउतेरिओ नाहुएल्कीन झोपेतही जाळं विणायचा.
जाळं कुठलं? घोंगडीच्या लोंबत्या दशा,
आणि साठ वर्षं कामाला लागलेली दहा बोटं.
एक गाठ, दुसरी गाठ. ओढून घट्ट.
जणू पहाटे होडी सुटायचीच आहे.

मी सहा नंबरवर. मांडीचं हाड मोडलेलं.
आयुष्यभर धक्क्यावर तिकिटं फाडली, झोप मुळातच कमी.
मला त्या बोटांचा रागच यायचा.

दिवसपाळीची बाई म्हणाली, कापून टाकते ह्या दशा.
रातपाळीची यास्ना म्हणाली, राहू दे,
तेवढंच काम उरलंय त्याला.
तिची रीत ठरलेली. आधी नाडी, मग ताप,
मग पडदा जरा सारून
शेवटची गाठ अंगठ्यानं दाबून बघायची,
बाजारात बटाटा बघावा तशी.

मंगळवारी, पावणेतीनला, ती थबकली.
यंत्रावरचे आकडे नीट. श्वास नीट.
म्हातारा शांत. मला तर बरंच वाटलेलं,
निजली एकदाची बोटं.
तिनं गाठ दाबली. मग तिच्या आधीची. तिच्याही आधीची.
तिन्ही सैल.
पुढची लागलीच नव्हती,
दोरा उजव्या तर्जनीत नुसताच अडकलेला.

"आजोबा, उजवा हात वर करा."
डावा आला.

डॉक्टर डोळे चोळत आला. "पण आकडे तर..."
"आकडे राहू देत," ती म्हणाली, "दशा बघा,"
आणि घोंगडीचं टोक त्याच्या नाकापुढे धरलं.
चाकं करकरली. कास्त्रोची गाडी बोलावली.
दार उघडंच राहिलं.
आता तरी झोप यायला हवी होती मला.

नवव्या दिवशी परतला. शब्द जड,
ओठ एका बाजूनं किंचित उतरलेला.
त्या रात्रीचं त्याला कुणी काही सांगितलं नाही,
तिनंही नाही.
नवी घोंगडी, कोऱ्या दशा.
बोटं किती वेळ दोरा शोधत होती,
मी श्वास धरून मोजत होतो.
लागली. वेडीवाकडी, पण लागली.

यास्नानं अंगठ्यानं दाबून पाहिली.
तक्त्यात गाठीला रकाना नसतो;
तिनं समासात काहीतरी लिहिलं
आणि माझी नाडी धरली.

मांडी ठणकत होती.
पलीकडे दुसरी गाठ चालू झाली,
आणि माझा डोळा लागला.