उजव्या कानामागचं बटण

दौंड सुटलं की मी उजव्या कानामागचं बटण दाबते
आणि डबा पाण्याखाली जातो.
चाकं जातात, पंखे जातात,
समोरच्या बाळाचं रडणं
नुसतं उघडं तोंड होऊन राहतं.
तीन पगारांतून वाचवलेली शांतता,
घडी घालून डबीत मावणारी.
तीस तास पुरते म्हणाला दुकानदार. माझी चोवीस.

कुर्डुवाडीला भेळवाला चढतो.
त्याचे ओठ हलतात, मी वीसची नोट काढते,
कांदा कमी, म्हणते.
तो दचकून बघतो:
हिच्या कानांवर तर झाकणं आहेत.

काय सांगू त्याला.
साखर पेठेत आमच्या खाली आठ माग होते
आणि त्या आठांवर आम्ही पाच जण.
पाणी आलंय, दार लोट, भात लागला,
सावकारवाडीचे मामा गेले,
सगळं ओठांवरून वाचलेलं.
आईनं मला अंगाई म्हटली असेल
तर ती मी पाहिलेली आहे.

शांतता म्हणजे वीज गेलेली.
धोटे अर्ध्या वाटेत,
चादरीवरचा मोर मानेपर्यंतच विणलेला,
आणि एकदम कळायचं
की शेजारी कुणीतरी खोकतंय,
कधीपासून खोकतंय कोण जाणे.
आम्ही जरा लाजल्यासारखे, हळू बोलायचो.
नायना तेवढे ओरडूनच.
त्यांच्यासाठी वीज कधी जायचीच नाही.

पुण्यात पहिल्या वर्षी झोप येईना.
धाकट्याला फोन लावून म्हटलं,
फोन मागाजवळ ठेव, दहा मिनिटं.
त्यानं ठेवला. काही विचारलं नाही.

माग विकून नऊ वर्षं झाली. किलोवर गेले.
खाली आता फरसाणाचं गोदाम,
जिन्यात शेवेचा वास,
आणि नायना खुर्चीत, दाराकडे तोंड करून,
कोण आलं ते कानांना कळत नाही म्हणून.

एमी?
माझ्या गळ्यातल्या वस्तूकडे बोट.
एमी अदी?
मी ओरडून सांगितलं,
आवाज बंद करायचं यंत्र.
ते इतके हसले की कवळी सावरावी लागली.
ते काम तर मी फुकटात करून घेतलं, म्हणाले.

तरी घातलं त्यांच्या डोक्यावर.
पांढऱ्या केसांत काळी कमान,
एखाद्या वैमानिकासारखे दिसले.
बटण दाबलं.

मला वाटलं, हसतील पुन्हा.
त्यांनी हात वर केला.
तोच हात, आठांतल्या एका मागावर धागा तुटला
की पाठ न वळवता वर जायचा.
मान तिरकी केली. डोळे मिटले.
"चार नंबर," म्हणाले.
"चार नंबरचा पट्टा ढिला झालाय बघ."

मी बटण बंद केलं. चालू केलं. बंद केलं.
आता?
"चालूच हाय की."

दुकानदारानं समजावलं होतं,
बाहेरून लाट येते, यंत्र तिची उलटी लाट करतं,
दोघी एकमेकींना गिळून टाकतात.
आतून येणाऱ्या लाटेबद्दल
मी विचारलं नव्हतं. विचारायचं सुचलं नव्हतं.
इतकी वर्षं बाहेरच्या गलक्याखाली
दबून होतं ते,
रिक्षांच्या, भांड्यांच्या, आमच्या.
मीच आणून उघडं पाडलं,
सात हजार चारशे रुपये देऊन.

काढायला गेले तर
दोन्ही हातांनी धरून बसले.
"राहू दे गं. पाळी सुटू दे."

आई कोपऱ्यात सुपात बिड्या वळत होती.
घरात पंख्याखेरीज काही वाजत नव्हतं.
तिनं माझ्याकडे पाहिलं,
आणि आवाज न काढता,
खाली आठही चालू असताना विचारायची तसं,
नुसत्या ओठांनी विचारलं:
वाढू का?